आवाज थांबले, पुढे काय? स्किझोफ्रेनियाच्या उपचारात रोजचे वावरणे कसे मोजावे

औषध लागू पडते, कानातले आवाज थांबतात, संशय ओसरतो, झोप लागू लागते. ओपीडीत "कसं वाटतं?" या प्रश्नाला "बरं आहे" असे उत्तर येते, फाईलवर "स्थिर" हा शेरा पडतो आणि पुढची तारीख मिळते. घरी मात्र तोच तरुण सकाळी अकरापर्यंत अंथरुणात असतो, सांगितल्याशिवाय न्हाणीत जात नाही आणि पाहुणे आले की मागच्या दाराने माडांत निघून जातो. लक्षणे कमी झाली हे खरे, पण जगणे अजून रुळावर आलेले नाही. ही दुसरी गोष्ट मोजलीच नाही तर तिच्यावर उपचारही होत नाहीत.

यामागचे कारण आजारातच आहे. आवाज, भ्रम, संशय यांच्यावर औषधांचा परिणाम चांगला होतो. उत्साह आटणे, बोलणे आणि हावभाव कमी होणे, लक्ष न टिकणे, कामाची आखणी न जमणे यांवर तो बराच कमी होतो. रोजचे जगणे अडते ते मुख्यतः या दुसऱ्या गटामुळे. म्हणून लक्षणांचा कागद वेगळा आणि वावरण्याचा कागद वेगळा ठेवावा. गोव्यासह तामिळनाडू व महाराष्ट्रात २८२ रुग्णांवर झालेल्या आणि २०१४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेल्या 'कॉप्सी' अभ्यासातही लक्षणे आणि अपंगत्व अशी दोन वेगळी मापे घेतली होती. प्रशिक्षण दिलेले स्थानिक कार्यकर्ते घरी जाऊन मदत करत होते. त्याचा फायदा माफक होता, पण दोन्ही मापांत दिसला.

पुढची पद्धत मानसोपचार विभागातले समाजकार्यकर्ते, परिचारिका, मानसशास्त्राचे विद्यार्थी आणि गावपातळीवर काम करणारे यांच्यासाठी आहे. घरच्यांनाही ती वाचून आपल्या नोंदी नेमक्या ठेवता येतील.

आधी ठरवा, मोजायचे कशासाठी

अपंगत्वाच्या दाखल्यासाठी मोजायचे असेल तर स्केल ठरलेले आहे: 'आयडियाज', म्हणजे मानसिक आजारातले अपंगत्व मोजायचे भारतीय स्केल. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखालील सवलतींसाठी किमान ४० टक्के अपंगत्व लागते आणि मानसिक आजारात ती टक्केवारी याच स्केलवरून काढतात. दाखला अधिकृत वैद्यकीय मंडळच देते. कार्यकर्त्याचे काम म्हणजे मंडळापुढे खरी, तपशीलवार माहिती ठेवणे.

रुग्ण सुधारतो आहे की नाही हे पाहायचे असेल तर 'पीएसपी' (वैयक्तिक आणि सामाजिक वावर मोजणारे स्केल) सोयीचे. उपयुक्त कामे, नातेसंबंध, स्वतःची निगा आणि त्रासदायक वा आक्रमक वागणे अशी त्याची चार क्षेत्रे आहेत, आणि शेवटी १ ते १०० मधला एक आकडा मिळतो. भारतातच तयार झालेली स्केलही आहेत. चेन्नईच्या 'स्कार्फ' संस्थेचे १९९५ मधले स्केल कुटुंबातल्या भूमिकेकडे वेगळे लक्ष देते. बंगळुरूचे 'एसओएफएस' (सामाजिक आणि कामातला वावर मोजणारे स्केल) २००६ मधले आहे. त्यात १४ बाबी, प्रत्येकीला १ ते ५ गुण, बेरीज १४ ते ७०, आणि जितके गुण जास्त तितकी अडचण जास्त. पीएसपीत याच्या अगदी उलट असते. दोन्ही स्केल एकाच फाईलमध्ये असतील तर प्रत्येक कागदाच्या डोक्यावर "जास्त म्हणजे चांगले" किंवा "जास्त म्हणजे वाईट" असे लिहून ठेवा. ही गफलत वाटते त्यापेक्षा सहज होते.

रुग्णाचे स्वतःचे म्हणणे हवे असेल तर जागतिक आरोग्य संघटनेची 'व्होडास' ही अपंगत्वाची प्रश्नावली घ्यावी. ती १२ किंवा ३६ प्रश्नांची असते आणि गेल्या ३० दिवसांबद्दल विचारते.

एका रुग्णासाठी एकच स्केल निवडा आणि वर्षभर तेच वापरा. प्रश्न इंग्रजीतून ऐनवेळी तोंडी भाषांतर करून विचारू नका. दर वेळी शब्द बदलले की उत्तरही बदलते.

कालावधी बांधून घ्या

"हल्ली कसं चाललंय?" या प्रश्नाला माप नाही. गेले ३० दिवस धरा आणि त्यांना ओळखीच्या खुणा द्या: मागचे इंजेक्शन, गावातली जत्रा, घरातले एखादे लग्न, पावसाळ्याची सुरुवात.

गोव्यात एक पथ्य पाळावे लागते. चतुर्थीचा महिना मोजणीसाठी धरू नये. घर पाहुण्यांनी भरलेले असते, माटोळीचे सामान आणायचे असते, रोज आरत्या असतात. या गडबडीत एखादा रुग्ण एरवी करत नाही इतके काम करतो, तर दुसरा गर्दीला घाबरून खोलीबाहेर येत नाही. दोघांचाही तो नेहमीचा महिना नसतो. वार्डातून घरी आल्यानंतरचे पहिले काही आठवडेही तसेच. मोजणे टाळता येणार नसेल तर तसा शेरा कागदावर लिहा.

कोणाला विचारायचे

आधी रुग्णाला, एकट्याला, साधारण अर्धा तास. नंतर घरच्या माणसाला वेगळे, पंधरा-वीस मिनिटे. आईला आधी विचारले की पुढे मुलाशी बोलताना आपण नकळत आईचेच म्हणणे तपासत बसतो, आणि त्यालाही ते कळते. घरच्यांशी बोलण्याआधी रुग्णाची संमती घ्या. आपल्या माहितीच्या गोपनीयतेचा हक्क त्याला २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम २३ ने दिला आहे.

घरचे माणूस म्हणजे त्या ३० दिवसांत एकाच छपराखाली राहिलेले. ओपीडीत सोबत येणारा नेहमी तोच असेल असे नाही. बोटीवर नोकरी करणारा भाऊ सुट्टीवर आलेला असतो, गाडी त्याच्याकडे असते म्हणून तो घेऊन येतो, आणि प्रेमापोटी सगळ्या प्रश्नांची उत्तरेही देतो. त्याला पहिला प्रश्न हा विचारा: "गेल्या महिन्यात तुम्ही घरी किती रात्री होतात?"

घरच्यांचे सांगणे दोन्ही बाजूंना झुकू शकते. लग्नाची बोलणी चालू असतील तर अडचणी कमी करून सांगितल्या जातात. दाखल्याची वेळ असेल किंवा सांभाळणारे माणूस थकून गेले असेल तर त्याच अडचणी वाढतात. यात लबाडी शोधू नका. घटना, वार आणि वेळ विचारत गेलात तर झुकाव आपोआप कमी होतो.

कालचा दिवस उलगडा

मुलाखतीचा गाभा हा आहे. "अंघोळ करता का?" याचे उत्तर "हो" असेच येणार. त्याऐवजी काल सकाळपासून सुरुवात करा.

काल जाग कधी आली? कोणी उठवले की आपणहून? पाववाला पोदेर येऊन गेला होता का? तोंड धुतले ते चहाआधी की नंतर? अंघोळ कधी झाली? पाणी कोणी काढून ठेवले? कपडे कोणते, ते कोणी काढून दिले? जेवण एकत्र झाले की ताट खोलीत गेले? दुपारी काय केले? संध्याकाळी कोणाशी बोलणे झाले, सुरुवात कोणी केली? गोळ्या कोणी हातात दिल्या?

पोदेराचा भोंगा, शाळेची बस, देवळातली आरती, टीव्हीवरची मालिका यांच्या आधाराने वेळ बरीच नेमकी सांगता येते. घड्याळ पाहायची सवय गेलेल्यालाही. कालचा दिवस झाला की विचारा: "हा दिवस नेहमीसारखाच होता का? गेल्या महिन्यात असे दिवस किती?" काल रविवार असेल तर एक कामाचा दिवसही असाच उलगडून घ्या.

प्रत्येक कृतीपुढे एक खूण करा: 'स्व' म्हणजे स्वतःहून, 'ए' म्हणजे एकदा सांगून, 'पु' म्हणजे पुन्हा पुन्हा सांगून, 'सो' म्हणजे कोणी सोबत उभे राहून, 'दु' म्हणजे दुसऱ्यानेच केले. अक्षरे मुद्दाम वापरली आहेत. आकडे वापरले की ते स्केलच्या गुणांत मिसळतात. या खुणा कोणत्याही स्केलचा भाग नाहीत, पण गुण देताना सर्वांत जास्त उपयोग यांचाच होतो. अंघोळ रोज होते, पण तीस दिवसांतले पंचवीस दिवस 'पु', ही नोंद "अंघोळ नियमित" या शेऱ्यापेक्षा कितीतरी जास्त सांगते.

जमत नाही, करू देत नाहीत, की प्रसंगच येत नाही?

एखादी गोष्ट होत नाही असे कळले की लगेच गुण देऊ नका. न होण्याची तीन अगदी वेगळी कारणे असतात.

एखादी सून आजाराआधी सगळा स्वयंपाक करत होती. आता करत नाही. विचारल्यावर कळते, मागच्या वर्षी एकदा तिच्या हातून गॅस चालू राहिला आणि तेव्हापासून सासूबाईंनी तिला स्वयंपाकघरात येऊच दिलेले नाही. तिला जमत नाही असे म्हणायला आपल्याकडे काहीच आधार नाही. दुसरीकडे एखादा पुरुष कधीच स्वयंपाक करत नव्हता, आजही करत नाही. त्याच्या घरात ती अपेक्षाच नाही. त्याच्या भूमिकेत बाजारहाट, वीजबिल, बागायतीला पाणी, काजूच्या हंगामात बोंडू गोळा करणे हे येते. त्याबद्दल विचारा. प्रत्येक ओळीपुढे "आजाराआधी" असा एक रकाना ठेवलात तर स्त्री-पुरुष, वय, शिक्षण यांचा फरक नीट पकडता येतो.

रोजगाराचेही तसेच. २०१८ मध्ये गोव्यातल्या खाणी बंद झाल्या तेव्हा धडधाकट ट्रकचालकही घरी बसले होते. किनारपट्टीवरच्या हॉटेलांत पावसाळ्यात माणसे कमी करतात. अशा वेळी "काम नाही" हे आजाराचे माप होत नाही. काम मिळाले असते तर गेला असता का, मागचे काम का सुटले, किती दिवस टिकले, घरातले कोणते काम अंगावर घेतले, हे विचारून मग ठरवा.

स्केलवर गुण प्रत्यक्ष वागण्याचे द्यायचे असतात, हे खरे. पण शेजारी कारण लिहिलेले नसेल तर पुढची योजना चुकते. सासूबाईंशी बोलण्याची गरज असताना सुनेला स्वयंपाकाचे प्रशिक्षण दिले जाते.

डोळ्यांनी पाहण्यासाठी: दुकानाची एक फेरी

गृहभेटीत एक छोटे काम पाहता आले तर फार कळते. रुग्णाला आधी स्पष्ट सांगा की तुम्ही पाहणार आहात आणि का; फसवून घेतलेली परीक्षा विश्वास घालवते. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारापासून सुरुवात करू नका. तिथली गर्दी निरोगी माणसालाही गोंधळवते. वाड्यावरचे दुकान पुरे.

तीन वस्तू सांगा: अर्धा किलो कांदे, एक नारळ, एक काडेपेटी. २०० रुपयांची नोट द्या. दहा-बारा पावले मागे राहा. निघायला किती वेळ लागतो? चप्पल, पिशवी स्वतः घेतो का? दुकानात आपली पाळी येईपर्यंत थांबतो का, की मागच्या मागे परततो? तिन्ही वस्तू आठवतात का? नारळ संपला असे दुकानदार म्हणाला तर काय करतो? सुटे मोजून घेतो का? ओळखीचे कोणी भेटले तर मान वर करतो का?

मदत करायची घाई नको. मनात दहापर्यंत मोजा, मग एक सूचक शब्द, मग पूर्ण सूचना. गाडी कुठे अडली त्यावरून कारण कळते. वस्तू विसरल्या तर प्रश्न स्मरणाचा. चिठ्ठी दिल्यावर सुटतो का पाहा. नारळ नाही म्हटल्यावर तिथेच उभा राहिला तर पर्याय शोधणे जमत नाही. दुकानाच्या पायरीवरून परतला तर लोकांची भीती किंवा उरलेला संशय. नाणी हातातून पडली तर थरथर, म्हणजे बहुधा औषधाचा परिणाम.

एक मर्यादा मात्र लक्षात ठेवा. तुम्ही पाहत असताना जमले, यावरून क्षमता आहे एवढेच ठरते. महिन्यात तो किती वेळा दुकानात गेला हे घरच्यांनाच विचारावे लागेल, आणि स्केलवर तेच जाते.

पीएसपीचा आकडा काढताना

आधी चारही क्षेत्रांची पातळी ठरवा: अडचण नाही, सौम्य, स्पष्ट, लक्षणीय, तीव्र, अतितीव्र. पहिल्या तीन क्षेत्रांत सौम्य म्हणजे जवळच्या माणसालाच जाणवणारी अडचण. स्पष्ट म्हणजे कोणाच्याही लक्षात येणारी, पण भूमिका फारशी न अडवणारी. लक्षणीय म्हणजे भूमिका बरीच अडलेली, तरी व्यावसायिक मदतीशिवाय काहीतरी होते आहे. तीव्र म्हणजे तशी मदत नसेल तर ती भूमिका निभतच नाही. चौथ्या क्षेत्राचे, म्हणजे त्रासदायक वागण्याचे, निकष वेगळे आहेत. ते सूचनापत्रात पाहूनच लावा.

समजा, स्वतःची निगा सौम्य, उपयुक्त कामे लक्षणीय, नातेसंबंध लक्षणीय, त्रासदायक वागणे नाही. पहिल्या तीनपैकी दोन क्षेत्रांत लक्षणीय अडचण आली की टप्पा ४१ ते ५०. लक्षणीय अडचण एकाच क्षेत्रात असती तर ५१ ते ६०. टप्पा ठरल्यावर त्यातला नेमका आकडा आरोग्याची काळजी, पैशांचा व्यवहार, छंद, प्रवास अशा इतर गोष्टी पाहून घ्यायचा. उलट्या क्रमाने जाऊ नका. "साधारण पन्नास वाटतो" असे म्हणून मग पातळ्या जुळवल्या की तो आकडा आपल्या मताचा होतो.

सर्वसाधारण वाचन असे: ७१ ते १०० म्हणजे अडचण असलीच तर सौम्य, ३१ ते ७० म्हणजे कमी-अधिक अपंगत्व, ३० किंवा त्याखाली म्हणजे सतत आधार वा देखरेख लागते.

चौथ्या क्षेत्राबद्दल विचारताना धमकी, मारहाण किंवा आत्महत्येचे विचार पुढे आले तर मोजणी तिथेच थांबवा. माणसाला एकटे सोडू नका, उपचार करणाऱ्या डॉक्टरांना लगेच कळवा. बांबोळीचे मानसोपचार रुग्णालय आणि 'टेली-मानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक घरच्यांकडेही लिहून ठेवा.

आयडियाजमधला सापळा

आयडियाजमध्ये चार बाबी आहेत: स्वतःची निगा, परस्परसंबंध, संवाद व समज, आणि काम. प्रत्येकाला ० ते ४. कामात नोकरी, घरकाम किंवा शिक्षण यांपैकी त्या व्यक्तीला लागू असलेला एकच भाग धरायचा. या बेरजेत आजाराच्या वर्षांचे गुण मिळवतात: २ वर्षांपेक्षा कमी असेल तर १, २ ते ५ वर्षांना २, ६ ते १० वर्षांना ३, त्यापुढे ४. एकूण ७ ते १३ आले तर अपंगत्व मध्यम, म्हणजे ४० ते ७० टक्के. १४ ते १९ आले तर गंभीर.

उदाहरण घ्या. निगा १, संबंध २, संवाद १, काम २, बेरीज ६. आजाराला पाच वर्षे, म्हणून २, एकूण ८. सहा वर्षांनी तोच माणूस काम आणि संबंध या दोन्हींत एकेक गुणाने सुधारला, बेरीज ४ झाली. पण आजार आता अकरा वर्षांचा, म्हणून ४; एकूण पुन्हा ८. दाखल्यावर काहीच हलले नाही, माणूस मात्र बराच पुढे आला. म्हणून प्रगती पाहताना पहिल्या चार बाबींची बेरीजच पाहा. हे घरच्यांनाही समजावून सांगा. मुलगा कामाला लागला की दाखला जाईल या भीतीने त्याला घरी बसवणारी घरे आहेत, आणि ती भीती बोलून दूर केल्याशिवाय कोणतीही योजना पुढे सरकत नाही.

औषध, दारू आणि उदासी वेगळी काढा

ओलान्झापिन, क्लोझापिन यांनी सकाळी सुस्ती येते. अकरापर्यंत झोपणे आळसाच्या खात्यात टाकण्याआधी गोळीची वेळ विचारा. हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन यांनी अंग ताठ होते, चेहरा स्थिर राहतो आणि लोकांना वाटते याला भावनाच नाहीत. एका जागी बसवत नाही अशी अस्वस्थताही औषधाने येते. भजनाला बसलेला माणूस दहा मिनिटांत उठून जातो, आणि नोंद पडते "लोकांत मिसळत नाही". पाय सतत हलतात का, उभे राहिल्यावर जागच्या जागी पावले पडतात का, हे पाहून डॉक्टरांना कळवा. दारूबद्दल दोषारोप न करता, पण थेट विचारा. झोप, भूक, रडू येणे, जगण्यात अर्थ न वाटणे हेही विचारा. उदासी बाहेरून आजाराच्या निरुत्साहासारखीच दिसते, पण तिचे उपचार वेगळे असतात.

पुन्हा मोजणे

सुरुवातीला, मग तीन, सहा आणि बारा महिन्यांनी. शक्यतो तोच मोजणारा, तीच पद्धत. जुना कागद नवे गुण देऊन झाल्यावरच उघडा. नवीन माणूस शिकत असेल तर एकाच मुलाखतीवर दोघांनी वेगवेगळे गुण द्यावेत. पीएसपीत दहाचा टप्पा वेगळा आला तर कोणत्या घटनेचा अर्थ वेगळा लावला ते शोधावे. एक चांगली बाजू पाहून बाकी सगळ्याला चांगले गुण देण्याची चूक सर्वांकडून होते. नीटनेटके कपडे आणि गोड बोलणे असलेला रुग्ण हमखास वीस गुण वर जातो. दोन-तीन गुणांच्या फरकाला सुधारणा किंवा घसरण म्हणू नका. टप्पा ओलांडला आणि त्यामागे सांगता येण्यासारखी घटना असली, तरच तसे लिहा.

आकड्यावरून कामाकडे

पातळी ठरलेल्या क्षेत्रांतून रुग्णाला स्वतःला हवी असलेली एकच गोष्ट निवडा आणि तिच्यासाठी उणे २ ते अधिक २ अशी पाच पायऱ्यांची पट्टी आधीच लिहून ठेवा. समजा, त्याला पुन्हा एकट्याने फोंड्याला जायचे आहे. आज कोणी सोबत असले तरी तो बसमध्ये चढत नाही: उणे २. सोबत असेल तर थांब्यापर्यंत येतो आणि बसमध्ये चढतो: उणे १. तीन महिन्यांत अपेक्षित, कदंबाच्या बसने आठवड्यातून एकदा एकट्याने जाऊन परत येणे: ०. तिथे उतरून एक ठरलेले काम करून येणे: अधिक १. ते काम स्वतः ठरवून, कोणी न सांगता: अधिक २.

या पट्टीची एक प्रत रुग्णाकडे द्या, एक घरच्यांकडे. घरच्यांनी रोज लिहायचे ते फक्त तारीख, काय केले आणि स्व, ए, पु, सो, दु यांपैकी एक अक्षर. पुढच्या भेटीला ती वही सोबत आणायला सांगा आणि मुलाखत तिच्यातल्या शेवटच्या तीस ओळींपासून सुरू करा.